घरचा डबा आणि आईची बाटली

हार्ट अटॅक कसा ओळखावा, हे सांगणारे व्हिडिओ तुम्हाला रोज कोणी ना कोणी पाठवत असेल. मलाही पाठवतात. ते पुन्हा सांगायला मी हे लिहायला घेतलेलं नाही. स्टेंट बसवून घरी आल्यावर पुढचे महिने कसे जातात, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईच्या हातात घराचं स्वयंपाकघर आहे, तीच आजारी पडली तर काय होतं, हे तर अजिबातच नाही. तुमच्यापैकी कोणी नुकतीच हॉस्पिटलमधून आली असेल आणि घरात माणसं असूनही एकटं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बोलणं जरा फटकळ आहे. चालवून घ्या.

नव्या तेलाचा दिवस

बडोद्यात दिवाळी झाली की घरोघरी वर्षाचं तेल भरतात. नव्या शेंगदाण्याचं सिंगतेल, पत्र्याच्या मोठ्या डब्यांतून. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. ह्यांचे पणजोबा संस्थानाच्या नोकरीत होते आणि त्याचा तोरा घरात अजून शिल्लक आहे. पण तेलाच्या बाबतीत आम्ही पक्के गुजराती झालोय. जवळच्या पादरा गावचा एक व्यापारी टेम्पो घेऊन सोसायटीत येतो. मग सगळे पुरुष खाली उतरून डब्यांवर टिचक्या मारत, यंदाचा माल कसा आहे यावर बोलत उभे राहतात. वर्षभर त्या तेलात काय शिजतं, ते त्यांना विचारू नये.

त्या दिवशी आमचे डबे वर आले आणि मी एक फोडून बरणीत तेल काढायला बसले. सकाळपासून जबडा दुखत होता. दाढ म्हणावी तर दाढ नव्हती. पाठीत वरच्या बाजूला कोणीतरी अंगठा रोवून ठेवल्यासारखं वाटत होतं आणि थंडीचे दिवस असून मानेवरून घाम येत होता. समोरच्या ज्योत्स्नाबेन वाटी मागायला आल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गॅस हशे, बेन. अजमो फाकी लो." मी ओवा खाल्ला. मग सोडा घेतला. मग लिंबू.

नव्या तेलाचा डबा फोडला की आमच्याकडे पुऱ्या तळतात. मी तळल्या. हे म्हणाले, "ॲसिडिटी असेल. सकाळपासून उभी आहेस तू." म्हणजे मी उभी आहे हे त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले. एकटीच गेले, कारण अमेय, आमचा मुलगा, मकरपुऱ्याला कंपनीत गेलेला, सून मृणाल तिच्या ऑफिसात, आणि ह्यांचा बँकेत काही तरी नंबर लागला होता. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही जिना चढून आलात?"

"लिफ्ट बंद आहे तुमची," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हे गंभीर आहे. स्ट्रेचरवर आडवी झाले तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं सांगू? कढईतलं पुऱ्यांचं उरलेलं तेल गाळायचं राहिलंय, हे. मरणाची भीती त्यानंतर आली, बऱ्याच वेळाने, हाताला सुई लावल्यावर. ती आली तेव्हा आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. एका अनोळखी नर्सने नाव विचारलं आणि मी नावाआधी घरचा पत्ता सांगितला.

पडद्याच्या आत

स्टेंट बसवला. त्याचं वर्णन करत नाही, मला फार कळलंही नाही. कळलं ते पुढचं. आयसीयूमध्ये सकाळ आणि दुपार यांत फरक नसतो. छताला एक चौकोनी जाळी असते आणि तिच्या फटी मोजत माणूस पडून राहतं. शेजारच्या पडद्यामागून कोणाचं तरी यंत्र टींटीं करतं आणि ते आपलंच आहे असं वाटून छाती धडधडते.

वॉर्डात आणल्यावर माणसं भेटायला यायला लागली. बडोद्यातला मराठी माणूस भेटायला येण्यात कमी पडत नाही. पण पलंगाच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाशी बोलायचा, आणि विषय एकच, तेल. ह्यांच्या मामी म्हणाल्या की साजूक तूप सोडलं की असंच होणार. ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "तेल तो सिंगनुं ज," शेंगदाण्याच्या तेलाला तोड नाही. ह्यांचा एक भाचा म्हणाला की तेल मुळीच नको, मी उकडलेलं खातो आणि बघा माझं पोट. कोणीतरी खोबरेल म्हणालं, कोणी मोहरी, कोणी लाकडी घाण्याचं. मी मध्ये आडवी. माझ्या अंगावरून तेलं इकडून तिकडे जात होती. तुला भीती वाटली का, असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. मला सांगायचं होतं. खूप वाटली होती.

डॉक्टर माणूस सरळ होता. त्याने सांगितलं, एकट्या तेलाला धरून बसू नका. तुमचे वडील हृदयविकाराने गेले, तुमचं ब्लड प्रेशर आहे, साखर काठावर आहे, चालणं शून्य. हे सगळं मिळून झालंय. पण ते ऐकायला तेव्हा खोलीत मी आणि हे दोघंच होतो, आणि ह्यांनी ते बाहेर जाऊन सगळ्यांना सांगताना म्हटलं, "तेल बंद करायला सांगितलंय."

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वॉर्डात मंजुळाबेन नावाच्या आया होत्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी न विचारता माझ्या केसांतला गुंता सोडवला. हळूहळू, खालून वर. मला एकदम रडू फुटलं. त्यांनी थोडं थांबून माझं रडणं होऊ दिलं आणि मग वेणी घातली. ती वेणी मी घरी येईपर्यंत सोडली नाही.

आईची बाटली

घरी आले तर मृणालने सगळी तयारी करून ठेवलेली. माझ्यासाठी छोटा कुकर, छोटी कढई, आणि ओट्याच्या कोपऱ्यात परदेशी ऑलिव्ह तेलाची हिरवी बाटली. तिच्यावर हृदयाचं लाल चित्र. मृणालने त्यावर पट्टी चिकटवली होती, "आई". पोरगी मायेची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने किती वाचून, किती शोधून हे केलं होतं, ते मला माहीत आहे.

तर घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. डब्यातल्या तेलाचा त्यांचा, बाटलीतल्या तेलाचा माझा. पहिले काही दिवस पोळ्यांना बाई लावली होती, पण तिच्या पोळ्या ह्यांच्या घशाखाली उतरेनात. मग थोडं बरं वाटायला लागल्यावर दोन्ही स्वयंपाक मीच करायला लागले. माझं जेवण संध्याकाळी लवकर, औषधांच्या वेळेप्रमाणे. बाकीच्यांचं अमेय आल्यावर, नऊच्या पुढे.

संध्याकाळी मी टेबलाशी एकटी बसायचे. समोर दुधी, मुगाचं वरण, दोन फुलके. आतल्या खोलीत ह्यांचा टीव्ही. मी भाजीत त्या बाटलीतलं तेल सढळ हाताने घालत होते, कारण ते हृदयाला चांगलं. तेवढीच मजा. जेवण झालं की ताट धुवायचं आणि परत त्यांच्या भाजीला फोडणी द्यायची. मोहरी तडतडली की त्या वासाने जीव कासावीस व्हायचा. खावंसं वाटायचं म्हणून नाही. तो वास ज्या जेवणाचा होता, त्यात मी नव्हते.

मग ते माझ्यासमोर खायचं टाळायला लागले. चांगल्या मनाने. अमेय येताना सेव-उसळ आणायचा. आमच्या बडोद्याची ती वरून लाल तेलाची तरी असलेली. ती थेट त्याच्या खोलीत न्यायचा आणि दार लावायचा. एकदा गाडीत औषधाची चिठ्ठी शोधताना मला सीटखाली भज्यांची तेलकट पिशवी सापडली. म्हणजे हे गाडीत बसून भजी खात असणार, ह्या वयात, शाळेच्या पोरासारखे. मी पिशवी घडी करून कचऱ्यात टाकली. घरातली माणसं माझ्यापासून लपून जेवायला लागली होती आणि मला त्यांचा राग यायच्या ऐवजी लाज वाटली, जणू मीच दारात उभी राहून कोणाला तरी हाकलतेय.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, तर कळस झाला. दरवर्षी उंधियू मी करते, गच्चीवर सगळी सोसायटी खाते. यंदा अमेयने बाहेरून आणला आणि मला कळू न देता परस्पर वर पाठवला. "आई, जिने नको. भोंग्यांचा आवाजही फार असतो. तू आराम कर." तोपर्यंत मी सकाळ-संध्याकाळ सोसायटीला फेऱ्या मारत होते. जिने सहज चढले असते. पण त्याने इतक्या काळजीने सांगितलं की मी "बरं" म्हटलं. दिवसभर वरून "काप्यो छे" ऐकू येत होतं. मी खिडकीत बसून कापलेले पतंग झाडात अडकताना बघितले आणि बाटलीतल्या तेलाचा उपमा खाल्ला. दुपारी ज्योत्स्नाबेन जिन्यावरून ओरडून गेल्या, "नीलाबेन, तमारा हाथ जेवुं नथी." तुमच्या हातासारखा नाही. त्यावर मी हसले, आणि दार लावून घेतलं.

मला काय हवं होतं ते मी तेव्हाच मनाशी ठरवलं. मला जगायचं तर होतंच, पण मला माझ्या घराच्या टेबलाशी परत यायचं होतं. सगळ्यांबरोबर, त्याच भांड्यातलं. बाकी काही नको.

चमचा

पुढची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल व्हायला हवं तितकं उतरलं नव्हतं आणि वजन वाढलं होतं. इतकं दुधी-पडवळ खाऊन. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. बरोबर हे आले.

ती मुलगी लहान होती, माझ्या शेवटच्या बॅचची शोभावी इतकी. गुजरातीत बोलत होती, मी इथे मराठीत सांगते. तिने आधी बाटलीची चौकशी केली. किती घालता? मी हाताने दाखवलं. ती म्हणाली, "काकी, कुठलंही तेल झालं तरी ते तेलच. चांगल्या तेलानेसुद्धा वजन वाढतं. तुम्ही बाटली बदललीत, हात तोच राहिला." मग तिने सांगितलं की शेंगदाण्याचं तेल काही विष नाही. तीळ, मोहरी, शेंगदाणा, आलटून-पालटून चालतं, पण चमच्याने मोजून. तूप कमी, जेमतेम चवीपुरतं. वनस्पती तूप आणि त्यात केलेली बेकरीची खारी, नानखटाई बंद. आणि तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवायचं नाही, ते सगळ्यात वाईट.

"तळून उरलेलं तेल तुमच्याकडे कोण खातं?" तिने विचारलं.

"आमच्याकडे टाकून देतात," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी ते तेल गाळून वेगळ्या वाटीत ठेवत आले. टाकवत नाही. आणि सगळ्यांच्या भाजीला कसं घालणार, वास येतो. म्हणून माझी मागून उरलेली भाजी, माझा सकाळचा फोडणीचा भात, माझं पिठलं, हे सगळं त्या तेलात. मी ते सांगितलं. ह्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं.

"आणि जेवता कोणाबरोबर?" ती मुलगी कागदाकडे बघतच म्हणाली.

"आता एकटी. आधी सगळ्यांबरोबर."

"हो, हो, सगळ्यांबरोबर," हे म्हणाले.

तिने सांगितलं, तुमच्यासाठी जे करायचं ते सगळ्यांसाठीच करा, मुलालाही उपयोगच होईल. वेगळं शिजवायचं कारण नाही, जरा लवकर जेवा म्हणजे झालं. मला इतका आनंद झाला की उठून तिला मिठी मारावीशी वाटली. खाली येऊन रिक्षात बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आजपासून एकच स्वयंपाक. डब्यातलंच तेल, पण चमच्याने. आणि सगळे आठला जेवू, अमेयला लवकर निघायला सांगा."

हे बाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आता सगळ्या घराने आजारी पडायचं का?"

ते रागाने नाही म्हणाले. थकून म्हणाले. ते अजून वाईट होतं. माझ्या आजारपणात त्यांचीही दगदग झाली होती, मला दिसत होतं. पण त्या वाक्यानंतर रिक्षात मला जितकं एकटं वाटलं, तितकं आयसीयूतसुद्धा वाटलं नव्हतं. तिथे निदान घरी जायचं होतं.

त्या संध्याकाळी मी काहीच बदललं नाही. बाटलीतलं तेल, दोन कढया. एकटी जेवायला बसले आणि त्या मुलीला दिलेलं उत्तर मनात घोळत राहिलं. आधी सगळ्यांबरोबर. मी ते शाळेत पोरांची उत्तरं तपासायचे तसं तपासायला लागले, आणि ते चूक निघालं.

मी सगळ्यांबरोबर कधी जेवलेच नव्हते.

आमच्या घरात फुलका तव्यावरून थेट ताटात यावा लागतो. फुगलेला, वाफ असलेला. सासूबाईंच्या वेळेपासूनची पद्धत, आणि सासूबाई त्यांच्या सासूबाईंकडून शिकल्या. गार पोळी म्हणजे घरात बाई नाही, असं सासरे म्हणायचे. त्यामुळे सगळे टेबलाशी आणि करणारी गॅसशी. मृणाल दमून यायची, तिला मीच बसवायचे, "बस ग, मी देते." सगळ्यांचं झालं, ताटं उचलली, की उरलं असेल ते घेऊन मी ओट्याशी उभ्याने किंवा टेबलाच्या कडेला. भाजी संपली असली की त्या तळणीच्या तेलात कांदा परतून. गप्पा ऐकू यायच्या, मधून मधून मी आतून उत्तरही द्यायचे, म्हणून मला वाटत राहिलं की मी त्यांच्यात आहे.

ज्या जागेसाठी मी तीन महिने झुरत होते, त्या जागेवर माझी खुर्चीच नव्हती. आजारपणाने मला निदान माझं ताट आणि माझी वेळ दिली होती. हे कळलं तेव्हा रडू आलं नाही. फार मोठं काहीतरी हरवलंय असं वाटलं, आणि ते कधी नव्हतंच, हेही वाटलं.

गार पोळ्या

दुसऱ्या दिवशी मी एकच भाजी केली. फ्लॉवर-बटाटा, डब्यातलं सिंगतेल, चमच्याने मोजून. एकच आमटी. आणि पोळ्या संध्याकाळीच करून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. माझी औषधं वेळेवर घेतली, चार फुटाणे खाल्ले आणि अमेयची वाट बघितली. फोन केलेला होता, तो त्यातल्या त्यात लवकर आला.

टेबलावर मी चार ताटं मांडली. चौथी खुर्ची खोलीतून आणावी लागली, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. सगळं वाढून घेतलं आणि बसले.

मृणाल म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना, मी गरम करून देते." मी म्हटलं, "तूही बस."

ह्यांनी पोळीला हात लावला. "गार आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

अमेयने भाजी खाल्ली, आमटी खाल्ली, आणि दोनदा माझ्याकडे बघितलं. बरी लागली असावी. किंवा मी समोर बसलेय, याची त्याला सवय नव्हती. ह्यांची मान खाली. मला वाटलं, आता हे उठून जातील, आणि मग मी काय करणार हे मला ठाऊक नव्हतं. छातीत धडधडत होतं. ती आजाराची धडधड नव्हती, ती मला आता ओळखू येते.

मग ताटांतल्या पोळ्या संपल्या. अमेयचा हात ताटात थांबला. मृणाल थांबली. तिघांनीही माझ्याकडे बघितलं. उठावं म्हणून नव्हे, तशी सवयच होती डोळ्यांना. माझे पाय आपोआप उठायला निघाले होते. मी ते टेबलाखाली एकमेकांत अडकवून ठेवले आणि पुढचा घास घेतला.

मृणाल उठणार, इतक्यात हे उठले. स्वयंपाकघरात गेले. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं.

"पोळ्यांचा डबा कुठे असतो?"

"ओट्यावर. गॅसच्या उजवीकडे."

ते डबा घेऊन आले. फडकं कसं उलगडायचं हे त्यांना नीट जमेना. त्यांनी अमेयला वाढली, मृणालला वाढली, मग माझ्या खुर्चीशी येऊन डबा धरून उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला बसलेली आणि ह्यांना उभं, असं ह्या टेबलाशी मी पहिल्यांदा बघत होते.

"तुला हवी?" त्यांनी विचारलं.

मला दोनच सांगितल्या होत्या आणि माझ्या दोन झाल्या होत्या.

"हो," मी म्हटलं. "अर्धी द्या."